पुंगळीवरचे साल

माझ्याजवळ जुन्या लष्करी रायफलींवरील सालांचा एक संग्रह आहे. त्यात रायफल मात्र एकही नाही. आपल्या कायद्यानुसार थ्री नॉट थ्री हे लष्करी बोअर सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. तेव्हा ती घरात बाळगण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माझा संग्रह म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही. तिच्यात चार रकाने आखलेले आहेत : साल, कारखाना, कोठे पाहिली, आणि शेरा. गेल्या चाळीस वर्षांत या वहीत सव्वादोनशेच्या आसपास नोंदी झाल्या असतील. मराठीच्या प्राध्यापकाला हा नाद कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर त्या वहीतल्या एका नोंदीत आहे. ती नोंद रायफलीची नाही, एका रिकाम्या पुंगळीची आहे. पण तिच्यापर्यंत जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे.

१९८४ साली मी उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, महाविद्यालयात शिकत होतो आणि एन.सी.सी.त होतो. कवायतीसाठी आम्हाला ज्या रायफली मिळत त्या जुन्या ली-एनफिल्ड होत्या. त्यांतून गोळी उडत नसे. वजन मात्र पुरेपूर होते. परेड संपल्यावर खांदा दोन दिवस त्याची आठवण करून देई. एकदा रायफल पुसताना माझ्या लक्षात आले की दस्त्याच्या वर, मूठ जिथे निमुळती होते तिथल्या लोखंडी पट्ट्यावर उजव्या बाजूला एक मुकुट कोरलेला आहे. त्याखाली राजाची आद्याक्षरे, त्याखाली इशापूर हे नाव आणि सगळ्यांत खाली १९४३ हे साल. शेजारच्या मुलाच्या रायफलीवर १९४२ होते. तिसऱ्या रायफलीवर इशापूरऐवजी एनफिल्ड होते आणि साल होते १९१७. म्हणजे पहिल्या महायुद्धातली एक रायफल सत्तर वर्षांनी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या खांद्यावर ‘बाजू शस्त्र’ करत होती! मी खिशातला कागद काढून आकडे टिपू लागलो, तेव्हा आमचे उस्ताद धावतच आले. रायफलीचा नंबर लिहायचा नाही, असे त्यांनी हिंदीत बजावले. मी साल दाखवले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘साल लिखो. नंबर नहीं.’ माझ्या संग्रहाचा तो एकमेव नियम आजही तसाच आहे.

पुढे वाचनातून कळले की हा नाद जगात मोठ्या प्रमाणावर आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, संग्राहक एकेका कारखान्याची एकेका सालाची रायफल जमवतात. त्यांच्या लेखी रायफल किती जुनी याला फारसे महत्त्व नसते. त्या वर्षी किती थोड्या निघाल्या, याला असते. कॅनडातील लाँग ब्रँच कारखान्यात उत्पादन १९४१ च्या मध्यावर सुरू झाले. त्यामुळे त्या सालच्या रायफली मोजक्याच, आणि संग्राहक त्यांच्या शोधात असतात. त्याच कारखान्याच्या १९४३ च्या रायफलीला तेवढे कोणी विचारत नाही, कारण युद्ध ऐन भरात असताना त्या ढिगांनी निघाल्या. ऑस्ट्रेलियातील लिथगोचेही तसेच. दोन महायुद्धांमधल्या शांततेच्या वर्षांत तिथे फार थोडे काम झाले, म्हणून ती वर्षे दुर्मीळ. यात एक विलक्षण गोष्ट आहे. या संग्रहात जे मिळत नाही, ते शांततेचे वर्ष असते. युद्धाचे वर्ष कुठेही मिळते.

आपल्याकडचा प्रकार आणखी वेगळा. तिकडे जी वस्तू ‘जुनी’ म्हणून भिंतीवर गेली, ती आपल्याकडे अजून नोकरीत होती. इशापूरच्या कारखान्याने स्वातंत्र्यानंतरही त्याच बनावटीच्या रायफली काढल्या. प्रजासत्ताकाच्या काळात मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली, एवढाच दर्शनी फरक. काहींच्या नळ्या बदलून त्यांची पोलिसांसाठी मस्केट केली गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होत्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. त्यामुळे माझ्या वहीतल्या ‘कोठे पाहिली’ या रकान्यात वस्तुसंग्रहालये थोडी आहेत. बँकेचे दार, तिजोरीचा पहारा, निवडणुकीची मतपेटी, यात्रेतला बंदोबस्त, हेच जास्त. तुळजापूरच्या नवरात्रात गर्दीत उभ्या राहिलेल्या एका हवालदाराने माझी अडचण समजून घेऊन रायफल किंचित तिरपी केली होती. इशापूर, १९४५.

पण रायफलीवरचे साल वाचणे वाटते तितके सोपे नसते, हे हळूहळू उमगले. मुठीवरचे साल हे फक्त मूळ लोखंडी चौकटीचे. नळी झिजते, ती बदलली जाते. नव्या नळीवर तिचे स्वतःचे साल दोन आकड्यांत असते. लाकूड फुटते, ते दुसऱ्या रायफलीचे येते. कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली की कधी तिचीही खूण आणि वर्ष ठोकतात. म्हणजे १९१७ ची म्हणून आपण जी हातात घेतो, तिची चौकट १९१७ ची, नळी १९४२ ची आणि दुरुस्ती १९५० नंतरची असू शकते. मग ती रायफल कोणत्या सालची? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, हे आपण शाळेपासून पाठ करतो. पण आपल्या हातात येणाऱ्या परंपरेमागे शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेले शुद्धीकरण उभे आहे, आणि त्यानंतरच्या कितीतरी लेखकूंचे हात आहेत. चौकट एका शतकाची, नळी दुसऱ्या. पाठचिकित्सा शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देतो आणि मुले लगेच ओळखतात.

आमच्या जिल्ह्यात तर साल हा मुळातच गुंतागुंतीचा विषय. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, पत्र्याच्या पेटीत घरातले चार प्रकारचे काळ एकत्र नांदत होते. जमिनीचे उर्दू कागद फसली सालाचे. त्यांत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. हाली रुपयांवर हिजरी साल आणि त्याच्या जोडीला निजामाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष. पंचांग आणि जन्मटिपणे शालिवाहन शकात. आणि १९४८ नंतरचे सगळे इसवी सनात. आबांना चारही येत. आज हा जिल्हा मराठवाड्यात आहे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, १९६० ला महाराष्ट्रात आला, १९८२ ला त्यातून लातूर वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये त्याचे नावही बदलले. इथल्या माणसाला ‘केव्हा’ असे विचारले की तो आधी मनात विचारतो, ‘कोणाच्या हिशेबाने?’

त्याच पेटीत ती पुंगळी होती. पितळेची, करंगळीपेक्षा थोडी लांब, तळाला कड असलेली. तिच्या तोंडावर ओठ धरून फुंकर मारली की बारीक, कर्कश शिट्टी वाजे. दरवर्षी सप्टेंबर महिना आला की आबा ती बाहेर काढत आणि तिची गोष्ट सांगत. १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट. भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरल्या. सरकारदरबारी तिला ऑपरेशन पोलो म्हणतात, आमच्याकडे पोलीस ॲक्शन. नळदुर्ग हे त्या रस्त्यावरचे पहिले मोठे ठाणे. बोरी नदीवरचा पूल फौजेने शाबूत ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडले. आबा म्हणत की ते त्या पहाटे बैलगाडी घेऊन नळदुर्गात होते. गोळीबार थांबल्यावर रस्त्याच्या कडेला ही पुंगळी दिसली. उचलली तर हाताला ऊन लागत होती. हा ‘ऊन’ शब्द उच्चारताना आबा नेमके बोट मागे घेत. आम्ही नातवंडे दरवेळी त्या बोटाकडे पाहत असू.

मी शाळेत सतरा सप्टेंबरच्या भाषणात ही गोष्ट तीन वर्षे सांगितली, पुंगळी हातात धरून. दोनदा बक्षीसही मिळाले. आमच्या घरातून रझाकारांच्या काळात कोणी हातात शस्त्र घेतले नव्हते, कोणी तुरुंगात गेले नव्हते. त्या मोठ्या गोष्टीत आमचा वाटा एवढाच : एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याने पाहिले.

एन.सी.सी.च्या दुसऱ्या वर्षी मी ती पुंगळी उस्तादांना दाखवायला नेली. त्यांनी ती उलटी करून तळ पाहिला. ‘खडकी,’ ते म्हणाले. तळाच्या कडेने के आणि एफ ही रोमन अक्षरे होती. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ती खूण. पुढे दोन आकडे होते. मी ते आजवर शेकडो वेळा पाहिले होते, वाचले मात्र नव्हते. उस्तादांनी वाचले : ‘इक्यावन.’ मला आधी अर्थबोध झाला नाही. मग झाला. १९५१ मध्ये तयार झालेले काडतूस १९४८ मध्ये कोणी उडवू शकत नाही.

त्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि नुकताच साले वाचायला शिकलो होतो. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला दया नसते. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो आणि ओसरीवर बसलेल्या आबांना पुंगळी दाखवून विचारले, ‘आबा, यावर एक्कावन साल आहे. मग ही अठ्ठेचाळीसला नळदुर्गात कशी सापडली?’ चुलत भावंडे जवळच होती. आबांनी पुंगळी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. त्यांना ते बारीक आकडे दिसले असतील असे वाटत नाही. ‘असंल,’ ते म्हणाले. मग पुंगळी पेटीत ठेवायला न उठता त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. ‘राहू दे तुझ्यापशीच.’ १९८९ मध्ये आबा गेले. मधल्या चार सप्टेंबरांत त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. कोणी विचारलेही नाही. मी वहीत नोंद केली : १९५१, खडकी, नळदुर्ग, शेऱ्यात लिहिले, ‘खोटे’. तो शब्द मी दोन रेघांनी अधोरेखितही केला होता.

त्यानंतर अठरा वर्षांनी, २००३ साली, आत्या आमच्याकडे राहायला आली होती. वही पाहून तिने सहज चौकशी केली आणि मी तिला पुंगळीचा किस्सा विनोदाने सांगितला. ती हसली नाही.

‘ती पुंगळी माझी आहे,’ ती म्हणाली.

आत्याचा जन्म १९४४ चा. ती सात-आठ वर्षांची असताना आबांना तहसील कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि बिऱ्हाड तालुक्याला आले. गावाबाहेरच्या माळावर पोलिसांची चांदमारी चाले. पोरे लांबून पाहत. पोलीस रिकाम्या पुंगळ्या मोजून परत गोळा करीत. तरी एके दिवशी एक पुंगळी उडून दूर गवतात पडली, आणि आत्याने ती झडप घालून उचलली. ‘चटका बसला. हे बोट भाजलं होतं माझं,’ तिने दाखवले. घरी आल्यावर आबांनी तिला आधी रागावले, मग बोटाला तूप लावले आणि पुंगळी काढून पेटीत ठेवली.

‘आणि नळदुर्ग?’ मी विचारले.

‘दादा कुठला नळदुर्गला? आम्ही समदे बार्शीला होतो.’ आत्या वडिलांना दादा म्हणे.

मग जे ऐकले ते तिने तिच्या आईकडून ऐकलेले होते. चार वर्षांच्या मुलीला त्यातले फारच थोडे आठवत असणार. रझाकारांचा जाच वाढला तेव्हा सरहद्दीवरच्या गावांतून हजारो माणसे बार्शी, सोलापूर या बाजूला, मुंबई इलाख्याच्या हद्दीत गेली. आमचे घरही त्यांतलेच. जाताना आबांनी घर शेजारच्या पिंजाऱ्याच्या भरवशावर टाकले. त्याने ते राखले. रझाकार आले तेव्हा हे घर आपलेच आहे असे तो सांगत असे. पोलीस ॲक्शन झाली, सगळीकडे आनंद झाला, आणि दिवाळीच्या सुमाराला आबा परत आले. आमच्या घरात भांड्यालाही हात लागलेला नव्हता. पिंजाऱ्याच्या घराला छप्पर नव्हते आणि आत माणसे नव्हती. आबांनी गावात विचारले, कुठे गेली? कोणी नीट सांगितले नाही. ‘आई म्हणायची, दादांनी एकदाच विचारलं,’ आत्या म्हणाली. ‘दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग ते गावच सोडलं, नोकरीच्या निमित्तानं.’

मला आठवते त्या छप्पर नसलेल्या घराची एक भिंत. आमच्या परसाला लागून होती. लहानपणी आम्ही तिच्यावर गोट्यांचे गुण लिहीत असू. ती कुणाची, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

पोलीस ॲक्शननंतर इथे काय घडले याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती १९४८ च्या अखेरीस आली होती. तिचा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीतील नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहता येऊ लागल्याचे वाचले. रझाकारांच्या अत्याचारांनंतर उसळलेल्या सूडात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे तिने नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता; इतर तीन गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणेही अहवालात आहेत. हे वाचताना मी नकळत त्यात आमच्या गावाचे नाव शोधत होतो. ते सापडावे अशी इच्छा होती की सापडू नये अशी, हे मला आजही सांगता येत नाही.

एका अर्थाने माझा व्यवसायच मला इथे आरोपी ठरवतो. हस्तलिखितावर साल असले तर ते फार तर त्या प्रतीचे असते, आणि त्यावरून काळाची एकच बाजू ठरते, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. पुंगळीवरच्या ५१ ने फक्त पूर्वमर्यादा सांगितली होती : ही गोष्ट, या रूपात, १९५१ च्या आधीची असू शकत नाही. ‘खोटे’ हा शब्द त्या आकड्यात कुठेही नव्हता. तो मी घातला. पाठ भ्रष्ट आहे एवढे ओळखून चिकित्सकाचे काम संपत नाही. तो तसा का झाला, कोणत्या हाताने काय गाळले आणि त्या जागी काय भरले, हे विचारणे हेच तर खरे काम. ओसरीवर मी अर्धेच काम केले, आणि तेही चारचौघांत.

आता त्या गोष्टीकडे पाहिले तर तिचे जोड दिसतात. तिची चौकट १९४८ ची आहे, नळी १९५१ ची. चटका खरा होता. फक्त तो आत्याच्या बोटाला बसलेला होता. आबांना ज्या दिवशी हजर असायला हवे होते असे वाटत राहिले, त्या दिवशी ते हजर नव्हते. मला वाटते, तो दिवस १३ सप्टेंबर नव्हता. तो त्यानंतरच्या आठवड्यांतला कोणतातरी दिवस होता आणि त्याचे साक्षीदार होणे कोणालाच नको होते. मग ‘मी पाहिले’ असे म्हणण्यासाठी त्यांनी एक असा दिवस निवडला, की जो सगळ्यांना सांगता येतो. हे माझे अनुमान आहे. त्याला आधार एका वृद्ध स्त्रीने आईकडून ऐकलेल्या हकिगतीचा आणि एका भिंतीचा. आत्याची कथाही एक प्रतच आहे. तिच्यावरही साल घातले पाहिजे : २००३.

आमच्या जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. तेरच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचणाऱ्या त्या माणसाच्या संग्रहातून ते उभे राहिले. तिथल्या काचेपुढे उभा राहिलो की मला नेहमी वाटते, वस्तू वेचणारा एका अर्थी भाग्यवान. मातीची बाहुली त्याला ‘असंल’ असे म्हणून गप्प बसत नाही. माणसाकडून वस्तू घेणाऱ्याने ती देणाऱ्याच्या तोंडाकडेही पाहायला हवे. मी तळाचे आकडे पाहत होतो.

वही अजून चालू आहे, जरी नोंदी आता क्वचितच होतात. बंदोबस्तातल्या खांद्यांवर दुसरी शस्त्रे आली आहेत. गेल्या सप्टेंबरात मी ते जुने पान उघडले. ‘खोटे’ हा शब्द खोडावा असे मनात होते, पण खोडला नाही. जुना पाठ गाळायचा नसतो, हेही आपण शिकवतोच. ‘कोठे पाहिली’ या रकान्यात नळदुर्ग तसेच ठेवले. त्याखाली आजची तारीख घालून दुसरा पाठ लिहिला : ‘चांदमारीचा माळ. सापडली आत्याला. जपली आबांनी.’ शेऱ्याच्या रकान्यात थोडी जागा उरली होती. तिथे मी पिंजाऱ्याच्या घराची नोंद केली. साल १९४८ लिहिले. महिना मला माहीत नाही.